फॉरवर्ड न होणारी दिवाळी

शुभेच्छांचा पाऊस दरवर्षी वाढतोय. पण त्यातल्या किती शुभेच्छांवर खास तुमचं नाव असतं? यंदा निदान दहा माणसांना दिवाळीचं खरंखुरं पत्र लिहून पाहा. पेन, कागद आणि प्रत्येकी अर्धा तास... बजेट एवढंच!

नरक चतुर्दशीची पहाट. अंगाला उटणं लागायच्या आत मोबाइल थरथरायला लागतो. पणती, पणती, लक्ष्मीची पावलं, पुन्हा पणती. नाचणारी रांगोळी. 'हॅपी दिवाळी टू यू अँड युअर फॅमिली'. फराळाच्या ताटाशी बसेपर्यंत आकडा शंभरीपार गेलेला असतो. मग आपणही एका हातात चकली धरून दुसऱ्या हाताने 'सेम टू यू' सुरू करतो. सुरुवातीला नाव बघून, दहा मिनिटांनी नावही न बघता.

गंमत म्हणजे पाठवणारे सगळे सारखेच दिसायला लागतात. मामा, जिमवाला, इन्शुरन्सवाला, जुना बॉस, डेंटिस्ट. मामा आणि म्युच्युअल फंड एकच पणती पाठवतात. मामाने ती प्रेमाने पाठवलेली असते यात शंका नाही, पण ते प्रेम पणतीत कुठे दिसतं ते शोधावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आठवण काढली हे महत्त्वाचं. मान्य! निदान बहुतेक वेळा. पण कधीकधी हाच मेसेज टोचतो.

माझी एक मैत्रीण आहे. मूळची नाशिकची, नोकरी पुण्यात. काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात तिचे बाबा गेले. आपल्याकडे अशा घरी वर्षभर सण करत नाहीत. कंदील लागत नाही, कढई चढत नाही. शेजारपाजारचे आणि नातेवाईक फराळाचे डबे आणून देतात, थोडा वेळ बसतात आणि जातात. त्या दिवाळीत तिच्या फोनवर मात्र नेहमीसारखाच धो धो पाऊस होता. 'हा प्रकाशाचा उत्सव आपल्या कुटुंबात आनंदाची उधळण करो.' यातले निम्मे लोक दोन महिन्यांपूर्वी भेटायला येऊन गेलेले! नंतर एकदा चहा पिताना ती म्हणाली, "राग नाही गं आला कुणाचा. पण पाठवताना कुणी बघितलंच नाही, की हे कुणाकडे चाललंय."

पाडव्याला तिच्याकडे एक पाकीटही आलं. इंदूरला राहणाऱ्या तिच्या बालमैत्रिणीचं. एकच पान. लिहिलं होतं, "काका दरवर्षी आकाशकंदील घरी करायचे आणि गल्लीतल्या आम्हा पोरांना खळ ढवळायच्या कामाला लावायचे. यंदा तुमच्याकडे तो लागणार नाही, माहीत आहे. म्हणून मी इथे तसा करून पाहिला. वाकडा झालाय. काकांनी पुन्हा सोडून करायला लावला असता."

तिने ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. 'वाकडा झालाय'पाशी दोघी हसल्या. मग रडल्या. मग आईने कंदिलाच्या काड्यांपासून सुरुवात करून बाबांबद्दल बोलायला घेतलं. श्रावणानंतर पहिल्यांदाच.

मला वाटतं, पत्र म्हणजे काय ते या एका पानात आलं. मुद्दा कागदाचा नाही, सुंदर अक्षराचा तर नाहीच. हे पान जगात दुसऱ्या कुणालाही पाठवता आलं नसतं. पत्राची टेस्ट एवढीच. वरचं नाव खोडून दुसरं नाव घाला. मजकूर तरीही चालला, तर ते सर्क्युलर. चालला नाही, तर पत्र!

टू-ऑलचा जन्मदाता

सगळं खापर मोबाइलवर फोडू नका हं. एकाच मजकुरात सगळ्यांना उरकायची आयडिया फार जुनी आहे. १८४० साली इंग्लंडमध्ये स्वस्त पोस्ट सुरू झालं. एका पेनीत देशभर कुठेही पत्र जायला लागलं आणि नाताळात पत्रांचा ढीग पडू लागला. प्रत्येक पत्राला उत्तर देणं हा शिष्टाचार. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांचा या स्वस्त पोस्टाच्या योजनेतच हात होता. आता तेच पत्रांच्या ढिगाऱ्याखाली आले! १८४३ साली त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, खाली शुभेच्छा छापल्या आणि नाव घालायला जागा कोरी ठेवली. ते जगातलं पहिलं छापील ख्रिसमस कार्ड मानलं जातं. म्हणजे बघा, आपली ब्रॉडकास्ट लिस्ट पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे.

पुढे अमेरिकेत यातूनच वार्षिक पत्राची पद्धत रुजली. डिसेंबर आला की कुटुंबाच्या वर्षभराचा अहवाल एका पानावर टाइप करायचा, प्रती काढायच्या आणि कार्डासोबत सगळ्यांना पाठवायच्या. नवं घर, मुलाचं सॉकर, मुलीचं व्हायोलिन, अलास्काची क्रूझ. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतूनही अशी पत्रं निघतात, हल्ली ई-मेलने. वाचायला मजा येते, पण जरा वेळाने आपण कंपनीचा अ‍ॅन्युअल रिपोर्ट वाचतोय असं वाटायला लागतं. सगळे आकडे वर जाणारे! यात आपल्यासाठी काय आहे, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही.

आपल्याकडचं पोस्टही काही कमी नव्हतं. तार पाठवायची तर शुभेच्छांची छापील यादी असायची. मजकूर लिहायचा नाही, नुसता नंबर सांगायचा. दिवाळीच्या शुभेच्छांचा नंबर होता १! तारेची सेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली, पण नंबर सांगून शुभेच्छा द्यायची वृत्ती टिकून आहे. आता आपण नंबरऐवजी स्टिकर टाकतो इतकंच.

इकडील सर्व क्षेम

मग जुनी मराठी पत्रं तरी अस्सल होती का? आजीच्या ट्रंकेतली चार पत्रं काढून बघा. सगळ्यांची सुरुवात एकसारखी. 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.' 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेमकुशल कळवावे.' 'पत्रास कारण की...' शेवटी 'मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.' हेही एक टेम्प्लेटच की!

पण फरक आहे. मायना दोन-तीन ओळींत संपायचा आणि खाली इनलँडचं अख्खं निळं पान उरायचं. ते कोरं पाठवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. म्हणून माणसं लिहीत सुटायची. गाय व्याली. शेजारच्या बाळूने पुन्हा परीक्षा बुडवली. तुझा जुना शर्ट धाकट्याला बरोबर होतो. पान भरलं की समासात लिहायचं, तेही भरलं की दुमडायच्या पट्टीवर. पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर बऱ्याचदा तिथेच सापडतो, बारीक अक्षरात, आडवा. 'तुझी फार आठवण येते' हे मराठी माणूस मुख्य पानावर लिहितच नाही.

सणाची टपालं तर खासच. संक्रांतीला पाकिटातून चार दाणे हलव्याचे किंवा चिमूटभर तिळगूळ यायचा. पाकीट उघडायच्या आधी हलवून बघायचं, खुळखुळ आवाज येतो का! भाऊबीजेला भाऊ मनीऑर्डर करायचा. तिच्या फॉर्मवर खाली निरोपाला जरा जागा असायची. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि ती चिठ्ठी फाडून हातात ठेवायचा. पैसे आठवड्यात संपायचे, चिठ्ठी डब्यात राहायची. ही जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५मध्ये बंद झाली. आज ओवाळणी यूपीआयने दोन सेकंदांत पोचते. उत्तमच आहे! फक्त त्या 'नोट'च्या रकान्यात आपण 'भाऊबीज' लिहितो, तेही लिहिलं तर.

आणि लिहिणं ही फक्त बोलघेवड्यांची मक्तेदारी नाही. उलट आहे. आपले जी. ए. कुलकर्णी बघा. धारवाडला राहायचे, माणसांच्या गर्दीपासून चार हात लांब. पण पत्रं? त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाले! साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली पत्रं 'सुंदर पत्रे' म्हणून पुस्तकात आली. ऑफिसच्या पार्टीत कोपऱ्यात ग्लास धरून उभे राहणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं. समोर कुणी नसताना आपल्यालाही बरंच काही सुचतं.

नऊ ते पाच

मी दिवाळीची पत्रं लिहायला लागले त्याचं कारण मात्र साहित्यिक वगैरे काही नव्हतं. माझ्या आजोबांना ऐकू येईनासं झालं.

आजोबा कराडला असतात. वय चौऱ्याऐंशी. तब्येत ठणठणीत, डोळे शाबूत, कान गेले. मशीन आहे, पण फोनवर त्यात नुसती शिट्टी वाजते असं ते म्हणतात. त्यामुळे आमचं फोनवरचं बोलणं वर्षानुवर्षं एकच झालं होतं. मी ओरडायचे, "आजोबा, कसे आहात?" ते म्हणायचे, "हो हो, जेवलो. सुखी राहा." फोन आजीकडे. ज्या माणसाने मला सायकल शिकवली, पाढे पाठ करून घेतले, त्याच्याशी माझं नातं 'हो हो, जेवलो' एवढ्यावर आलं होतं.

चार वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर मी त्यांना एक पान लिहिलं. माझं काम काय असतं ते लिहिलं, कारण ते त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. आणि शेवटी एकच प्रश्न विचारला. तुमची नोकरीतली पहिली दिवाळी कुठे झाली?

आठ दिवसांनी पाच पानं आली. दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

१९६३ साल. आजोबा गिरगावात एका खोलीत सात जणांबरोबर राहत होते. नवी नोकरी, रजा नाही, गाडीभाड्याला पैसेही नाहीत. गावाकडून कुणाबरोबर तरी पत्र्याचा डबा आला. शेव, कडबोळी आणि एक चिठ्ठी. त्यांच्या आईला लिहिता येत नव्हतं. चिठ्ठी शाळेतल्या गुरुजींकडून लिहवून घेतली होती. पण सगळ्यात खाली तिने स्वतः पेन्सिल घेऊन रांगोळीचे ठिपके काढले होते. आजोबांनी लिहिलं होतं, "गुरुजींनी काय लिहिले ते आता आठवत नाही. ठिपके आठवतात. नऊ ते पाच होते. मी खोलीवर ते खडूने जोडले."

माझ्या डोक्यात नऊ ते पाच म्हणजे ऑफिस! नऊ ते पाच ठिपक्यांची रांगोळीही असते आणि ती अशी मुंबईपर्यंत येऊ शकते, हे मला त्या पत्राने सांगितलं. ही गोष्ट माझ्या आईलासुद्धा माहीत नव्हती. साठ वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि फोनवर आता विचारता येणारही नव्हतं.

तेव्हापासून दर दिवाळीला एक प्रश्न, एक उत्तर. फोनवर ते अजूनही 'हो हो, जेवलो'च म्हणतात. पण आता आम्हा दोघांनाही त्याचं हसू येतं.

लिहायचं काय?

कागद पुढे ओढला की पहिला अडथळा हाच. कीबोर्डवर सुसाट चालणारी बोटं पेन धरलं की मख्ख होतात. त्यात मराठी! रोज रोमनमध्ये 'kasa ahes' टाइप करणाऱ्या पिढीला 'ज्ञ' काढायचा तर हात थांबतो. असू दे. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता करू नका, तुमची आत्या काही पेपर तपासणार नाहीये. दोन-चार वर्षांत माझ्या कामी आलेल्या या गोष्टी...

यादी छोटी ठेवा. दहा नावं, फार तर बारा. पन्नास पत्रं लिहायला घेतलीत तर सहाव्या पत्रापासून तुम्हीच सर्क्युलर काढायला लागाल. ज्यांच्याशी रोज बोलता त्यांना वगळा. ज्यांच्याशी बोलावंसं वाटतं पण बोलणं होत नाही, ती नावं घ्या. जुनी रूममेट, शाळेतल्या बाई, लग्नानंतर बेळगावला गेलेली चुलतबहीण, पहिल्या नोकरीतला सीनियर.

मायना साधा. घरातल्या मोठ्यांना 'ती. काकांना सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. बाहेरच्या परिचितांना 'स. न. वि. वि.', म्हणजे सप्रेम नमस्कार. धाकट्यांना 'चि.' आणि अनेक आशीर्वाद. मित्रमैत्रिणींना जी हाक मारता तीच लिहा, शिवीच असेल तर पोस्टकार्ड टाळून पाकीट वापरा! आजी एकट्या असतील तर जुन्या पत्रांतलं 'गं. भा.' लावायची काहीही गरज नाही. 'ती. आजीस' पुरेसं आहे आणि जास्त गोड आहे.

आधी त्यांच्याबद्दल. पहिल्या चार ओळींत त्यांची एखादी गोष्ट येऊ दे. वर्षभरात त्यांनी काय केलं, किंवा तुमच्या दोघांतली एखादी आठवण. 'तुझ्या डब्यातली कोबीची भाजी मी अजून कुठे खाल्ली नाही' हे वाक्य 'दिवाळी आनंदाची जावो'पेक्षा दहापट आनंद देतं.

मग आपल्याबद्दल, पण इन्स्टावर नसलेलं. प्रमोशन झालं, थायलंडला गेलो हे सगळ्यांनी बघितलंय. जे कुठेच पोस्ट केलं नाही ते लिहा. स्वयंपाकघरात एकटं बसून मॅगी खाल्ली ती संध्याकाळ. मराठी शिकायचा हट्ट धरलेली शेजारची तमिळ आजी. पगार वाढूनही कसली तरी टोचणी लागून राहिलीय ती. खोटं काहीच नको. सगळे आकडे वर जाणारे असतील तर वाचणारा आपलं खरं कशाला सांगेल?

शेवटी एक प्रश्न. आणि तो 'कसे आहात?' नको. त्याचं उत्तर 'मजेत' असतं. असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर त्यांनाच माहीत आहे. आईला विचारा, तिच्या आईच्या अनारशांना जाळी कशी पडायची. मित्राला विचारा, तबला सोडलास तो कायमचा का.

एक पान बास. पान भरलं की थांबा. समास मोकळा आहेच!

अवघड पत्रं

खरं तर दिवाळीला पत्र लिहायचं सगळ्यात मोठं कारण हीच माणसं आहेत. ज्यांना 'हॅपी दिवाळी' पाठवताना बोट अडखळतं, किंवा अडखळायला हवं.

ज्या घरी कुणी गेलंय तिथे 'शुभ दीपावली' लिहू नका आणि उपदेशही करू नका. 'काळ हेच औषध' वगैरे त्यांनी शंभरदा ऐकलंय. गेलेल्या माणसाचं नाव लिहा. आपण घाबरून ते नाव टाळतो आणि घरच्यांना तर तेच ऐकायचं असतं. त्या माणसाची तुमच्याकडे असलेली एखादी छोटी गोष्ट लिहा. तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण ती त्यांच्याकडे नसते. वाकड्या कंदिलाने हेच केलं होतं.

ज्याची नोकरी गेलीय त्याला फोन केला की तो 'ऑल गुड यार, बघतोय' म्हणतो. मग आपण 'होईल रे' म्हणतो आणि दोघंही सुटतो. पत्रात त्याला लगेच उत्तर द्यावं लागत नाही, चेहरा सांभाळावा लागत नाही. सीव्ही पाठव म्हणून लिहायचं तर लिहा, पण त्याआधी तो कामात कशात तरबेज आहे हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं एक उदाहरण द्या. रात्री अकरा वाजता नव्या पोराला शेजारी बसवून त्याने कोड समजावून सांगितला होता, असं काहीतरी. रिजेक्शनचे मेल वाचून माणूस हे विसरतो.

आणि ज्याच्याशी बिनसलंय त्याला? तिथे जुना हिशोब काढू नका, 'झालं गेलं विसरून जाऊ' हा ठरावही मांडू नका. दोन ओळी पुरतात. "दिवाळीत फटाक्यांचा आवाज आला की तू बालदीखाली बॉम्ब लावलेला आठवतो. बरा असशील." उत्तर आलं तर आलं. निळ्या टिका बघत बसायची सोय नाही, हा इथे फायदाच आहे.

'पत्ता पाठव ना!'

इथपर्यंत सगळं जमलं की लक्षात येतं, आपल्याकडे कुणाचा पत्ताच नाही! लाइव्ह लोकेशन आहे, कॅबच्या अ‍ॅपमध्ये 'आत्या होम' आहे, पण पाकिटावर लिहायला ओळ नाही. मग विचारावा लागतो. आणि विचारला की समोरचा हमखास दचकतो, "का रे? लग्न ठरलं का?" पत्रिकेशिवाय पत्ता विचारायची सवयच मोडलीय. हरकत नाही. 'सांगते, आधी पाठव' एवढंच म्हणा. तिकडे उत्सुकता सुरू होते, म्हणजे पत्र लिहायच्या आधीच अर्धं पोचलं!

पिनकोड मात्र नक्की घ्या. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि ती बसवणारे टपाल खात्यातले अधिकारी आपले मराठी होते. श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे नावाजलेले कवी! एकसारख्या नावांची गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यातून मार्ग काढायला ही युक्ती. पहिला आकडा विभागाचा, महाराष्ट्र आणि गोव्याचा ४. पहिल्या तीन आकड्यांत पत्र कुठल्या जिल्ह्याकडे वळवायचं ते कळतं, शेवटचे तीन थेट पोस्ट ऑफिस दाखवतात. अक्षर कितीही गचाळ असो, हे सहा आकडे नीट काढा.

खर्चाचं म्हणाल तर साधं पोस्टकार्ड ५० पैशांचं. इनलँड २ रुपये ५० पैसे. साध्या पाकिटाला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये. पन्नास पैशांची नाणी आता कुणाकडे नसतात, म्हणून दोनाच्या पटीत कार्डं घ्या! दहा पत्रांचा एकूण खर्च एका कॅपुचिनोच्या निम्म्याहूनही कमी. इनलँड कधीकधी काउंटरवर संपलेलं असतं, तर पाकीट आणि कागद आपले आपण. एखादं पत्र हरवायला नकोच असेल तर स्पीड पोस्ट आहे.

टायमिंग सोपं आहे. दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत साधारण सतरा-अठरा दिवस मिळतात. पहिल्या आठवड्यात लिहा, कोजागरीच्या आसपास पेटीत टाका. रोज एक पत्र, रात्री जेवण झाल्यावर. वेब सीरिजचा एक एपिसोड कमी, एवढाच त्याग! भाऊ किंवा मैत्रीण न्यू जर्सीत, मेलबर्नला असेल आणि आई दसऱ्याआधीच फराळाचं पार्सल पाठवणार असेल, तर तुमची चिठ्ठी त्याआधी तयार ठेवा. कुरिअरवाल्याला विचारून ती डब्यातच ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, नाहीतर चिवड्याचं तेल लागतं. तसं लागलं तरी वाईट नाही म्हणा.

तिकडे डेन्मार्कच्या पोस्टाने २०२५ संपताना घरोघर पत्रं वाटणं बंद केलं. १६२४ पासून चाललेली सेवा, चारशे वर्षांची! पत्रंच फार उरली नव्हती. आपल्याकडे खाकी वेशातला माणूस अजून जिना चढून येतो, बहुतेक वेळा क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट घेऊन. त्याच्या पिशवीत काय असावं हे थोडंफार आपल्याच हातात आहे.

आणि उशीर झाला तर? ऑफिसच्या रिलीजने दसऱ्यानंतरचा पंधरवडा गिळला, लक्ष्मीपूजन उलटून गेलं, पानं कोरीच राहिली, तरी टेन्शन घेऊ नका. आपले सण डेडलाइनच्या बाबतीत आपल्या मॅनेजरपेक्षा पुष्कळ दिलदार आहेत. दिवाळी तुळशीच्या लग्नापर्यंत चालते. तीही हुकली तर संक्रांत आहे आणि तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो. तेव्हा आज नुसतं एक नाव ठरवा आणि त्या माणसाला मेसेज टाका, 'पत्ता पाठव ना.'

लग्न ठरलं का, असं विचारतीलच. विचारू देत!